रेडिओ-ग्राहीतील स्वयंचलित वर्धन-नियंत्रण

विषयप्रवेश

जबलपूर शहरास स्वतःचे आकाशवाणी केंद्र १९६४ साली लाभले. तोपर्यंत तेथील श्रोत्यांची सारी भिस्त दूरच्या केंद्रांवर होती. शहरातील मराठी कुटुंबांना नागपूर केंद्र विशेष जवळचे वाटे; कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे एकाच राज्यात होती आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. जबलपूरपासून त्याचे सरळ रेषेतील अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. मुंबई सुमारे ८६५ किलोमीटर दूर. आणि चित्रपटगीतांसाठी घरोघरी लघुलहरींवर ज्याचा शोध घेतला जाई ते रेडिओ सिलोनचे कोलंबो केंद्र सुमारे १,८०० किलोमीटर दूर.

इतक्या अंतरावरून येणारा संकेत कधीही स्थिर नसतो. रात्रीच्या वेळी तो क्षणात बळावतो, काही सेकंदांत मंदावतो आणि पुन्हा वर येतो. शिवाय स्थानिक केंद्र सुरू झाल्यानंतर त्याचा संकेत दूरच्या केंद्राच्या संकेतापेक्षा हजारो पटींनी प्रबळ असणे स्वाभाविक होते. असे असताही चांगल्या रेडिओवर गाणे ऐकणाऱ्यास ध्वनीची कळ सारखी फिरवीत बसावे लागत नसे; आणि स्थानिक केंद्रावरून काटा नागपूरवर नेला तरी आवाजात फारसा फरक जाणवत नसे. श्रोत्याचे हे काम रेडिओ-ग्राही स्वतःच करीत असे. ते तो कसे करतो, आणि ते करताना त्याला कोणता सूक्ष्म विवेक बाळगावा लागतो, हे पाहणे हा या पाठाचा हेतू आहे.

संकेत कमीजास्त का होतो?

प्रेषकापासून निघालेल्या मध्यलहरी दोन मार्गांनी ग्राहीपर्यंत पोचतात. एक लहर जमिनीला धरून येते. दुसरी आकाशात जाते आणि वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युत्‌भारित थरांवरून, म्हणजे आयनांबरावरून, परत फिरते. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर मध्यलहरी शोषून घेतो. त्यामुळे केवळ जमिनीची लहर उरते. सूर्यास्तानंतर हा थर नाहीसा होतो आणि आकाशातील लहर मोठ्या जोमाने खाली येऊ लागते.

या दोन लहरी समान पावलांनी आल्या तर त्यांची बेरीज होते. विरुद्ध पावलांनी आल्या तर वजाबाकी. एका सोप्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दोन गावांमधील अंतर २४० किलोमीटर व परावर्तक थराची उंची १०० किलोमीटर मानली आणि पृथ्वीची वक्रता सोडून दिली, तर आकाशमार्गाची लांबी सुमारे ३१२ किलोमीटर येते. म्हणजे आकाशातील लहरीस सुमारे ७२ किलोमीटर अधिक चालावे लागते. लहरलांबी ५०० मीटर असल्यास बेरजेची वजाबाकी होण्यास मार्गात केवळ अर्ध्या लहरीचा, म्हणजे २५० मीटरांचा, फरक पुरतो. आणि तेवढा फरक पडण्यास थराने सुमारे २०० मीटर वर किंवा खाली सरकणे पुरेसे होते. शंभर किलोमीटर उंचीवरच्या त्या थरात एवढी हालचाल सतत चालू असते. संकेताच्या या चढउतारालाच फेडिंग म्हणतात.

श्रोत्याला त्रासदायक वाटणारी हीच गोष्ट शास्त्रज्ञांना उपयोगी पडली. डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन व माइल्स बार्नेट यांनी इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथील प्रेषकाची लहरलांबी सावकाश बदलविली, ऑक्सफर्ड येथे संकेताचे चढउतार मोजले आणि त्यांवरून आयनांबराची उंची काढली. या क्षेत्रातील कार्यासाठी ॲपलटन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कलकत्ता येथे शिशिरकुमार मित्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयनांबराचे संशोधन केले. मित्रांचा ऊर्ध्व वातावरणावरील विख्यात इंग्रजी ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला.

ग्राहीतील संकेताचा प्रवास

एरिअलमध्ये उत्पन्न होणारा विद्युत्‌दाब अत्यल्प असतो. दूरच्या केंद्राचा संकेत व्होल्टच्या काही लक्षांशांइतका, तर जवळच्या केंद्राचा व्होल्टच्या दहाव्या भागापर्यंतही असू शकतो. कर्ण्यातून ऐकू येण्यासाठी हा दाब अनेक टप्प्यांनी वाढवावा लागतो. संकेत वाढविणाऱ्या प्रत्येक टप्प्यास विवर्धक म्हणतात. विवर्धकातून बाहेर पडणारा दाब आत येणाऱ्या दाबाच्या जितक्या पट असेल, तितके त्याचे वर्धन होय.

एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीत निवडलेल्या केंद्राची कंपनसंख्या प्रथम एका ठराविक मध्यम कंपनसंख्येत बदलली जाते. घरगुती ग्राहींमध्ये ती बहुधा ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास असे. या मध्यम कंपनसंख्येवर बहुतेक वर्धन होते. त्यानंतर शोधक येतो. वाहक लहरीवर बसविलेली ध्वनीची छाप वेगळी काढणे हे शोधकाचे काम. शेवटी ध्वनि-विवर्धक तिला बळ देऊन कर्ण्याकडे पाठवितो.

ध्वनीची जी कळ श्रोता फिरवितो, ती शोधकानंतर असते. म्हणून ती पुष्कळ वेळा निरुपयोगी ठरते. संकेत फार प्रबळ असेल तर शोधकाच्या आधीचे विवर्धकच त्याच्या भाराने गुदमरतात आणि आवाज फाटतो. मागून कळ कितीही उतरविली तरी तो फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. ज्याप्रमाणे कालव्याला आलेला पूर शेताच्या तोंडाशी बांध घालून आवरत नाही, वरचे दारच खाली करावे लागते, त्याचप्रमाणे वर्धनाचे नियंत्रण शोधकाच्या आधी झाले पाहिजे.

व्हीलर यांची युक्ती

१९२५-२६ च्या हिवाळ्यात हॅरल्ड व्हीलर या अवघ्या बावीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने या प्रश्नाचे साधे उत्तर शोधून काढले. त्याने पाहिले की, दोन अग्रांचा साधा व्हॉल्व्ह शोधक म्हणून वापरल्यास त्यातून ध्वनीबरोबर एक स्थिर विद्युत्‌दाबही मिळतो. वाहक लहर जितकी प्रबळ, तितका हा दाब मोठा. हाच दाब मागे नेऊन आधीच्या व्हॉल्व्हच्या जाळ्यांना ऋण बाजूने लावला तर काय होईल? जाळी जितकी ऋण, तितके व्हॉल्व्हचे वर्धन कमी. म्हणून प्रबळ संकेत आला की तो स्वतःच स्वतःचे वर्धन घटवील. आणि संकेत क्षीण झाला की ऋण दाब ओसरून वर्धन आपोआप पूर्ववत होईल.

१९२९ साली फिल्को कंपनीच्या 'मॉडेल ९५' या ग्राहीत ही योजना बाजारात आली. तिला त्या काळी स्वयंचलित ध्वनि-नियंत्रण म्हणत. आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या बोलीत ए.व्ही.सी. हेच नाव रूढ झाले. खरे पाहता नियंत्रण ध्वनीचे नसून वर्धनाचे असते. म्हणून पुढे स्वयंचलित वर्धन-नियंत्रण हे अधिक नेमके नाव प्रचारात आले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्षीण संकेताला ही योजना बळ देते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ग्राहीचे सर्वाधिक वर्धन आधीच ठरलेले असते आणि त्याहून एक कणही अधिक वर्धन नियंत्रणाने मिळत नाही. ते फक्त प्रबळाला आवरते. दुर्बळाला त्याचा पूर्ण हक्क मिळतो, एवढेच.

साधे व्हॉल्व्ह या कामी अपुरे पडले. त्यांची जाळी थोडी अधिक ऋण होताच ते एकाएकी बंद पडत आणि संकेत विकृत होई. शेजारच्या केंद्राची ध्वनिछापही निवडलेल्या केंद्रावर उमटे. सुमारे १९३०-३१ मध्ये यावर उपाय निघाला. जाळीच्या तारेचे वेढे सर्वत्र सारख्या अंतरावर न देता काही ठिकाणी विरळ व काही ठिकाणी दाट दिले गेले. त्यामुळे ऋण दाब वाढत गेला की व्हॉल्व्हचा एक एक भाग क्रमाक्रमाने बंद होई आणि वर्धन हळूहळू उतरे.

नियंत्रणाचे अंकगणित

नागपूरचा संकेत रात्री शंभर पटींनी वरखाली होत आहे, असे मानू. नियंत्रण नसेल तर कर्ण्यावरील दाबही शंभर पटींनी बदलेल. गाणे एकदा कुजबुजेल व एकदा खोली दणाणून सोडील. आता ग्राहीतील तीन व्हॉल्व्हना नियंत्रक दाब लावला आहे आणि प्रबळ संकेताच्या वेळी प्रत्येकाचे वर्धन एक चतुर्थांश होते, असे धरू. तिघांचे मिळून वर्धन ४ × ४ × ४, म्हणजे ६४ पटींनी घटेल. संकेत १०० पट वाढला, वर्धन ६४ पट घटले. म्हणून कर्ण्यावरील दाब १०० भागिले ६४, म्हणजे सुमारे दीडपट झाला. डेसिबेलच्या भाषेत ४० डेसिबेलचा फरक सुमारे ४ डेसिबेलवर आला. एवढा फरक कानाला जेमतेम कळतो.

हा उरलेला फरक पूर्ण नाहीसा का करता येत नाही? कारण नियंत्रक दाब शोधकातूनच मिळतो. शोधकावरील दाब मुळीच वाढला नाही तर नियंत्रक दाबही वाढणार नाही, आणि मग वर्धन घटविणार कोण? जी चूक सुधारावयाची तिचा थोडा अंश शिल्लक राहिला तरच सुधारणा चालू राहते. परिणामाकडे पाहून कारणाला आवरणाऱ्या अशा प्रत्येक साध्या यंत्रणेला ही मर्यादा असते.

आणखी एक अडचण होती. अगदी क्षीण संकेतही थोडा ऋण दाब निर्माण करतो आणि ज्याला पूर्ण वर्धनाची गरज आहे त्याचेच वर्धन किंचित घटते. म्हणून चांगल्या ग्राहींमध्ये संकेत ठराविक मर्यादेपलीकडे जाईपर्यंत नियंत्रण सुरूच होऊ नये, अशी तजवीज केलेली असे. तिला विलंबित नियंत्रण म्हणत. हा विलंब वेळेचा नसून संकेताच्या पातळीचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

दोन प्रकारचे चढउतार

आता या विषयाचा खरा गाभा येतो. गायक स्वर चढवितो तेव्हा आवाज वाढला पाहिजे. तबल्यावर थाप पडते तेव्हा ती उठून दिसली पाहिजे. तोही चढउतारच. मग ग्राहीने कोणता चढउतार मिटवावा आणि कोणता राखावा? एक गायकाचा आहे, दुसरा आयनांबराचा. ग्राहीला संगीत कळत नाही. त्याला भेद करण्यास एकच खूण उपलब्ध असते, ती काळाची. ध्वनीची कंपने सेकंदात निदान काही दशके असतात. फेडिंगचे हेलकावे बहुधा सेकंदांच्या हिशेबाने चालतात. शिवाय वाहक लहरीवर ध्वनीची छाप बसली तरी तिची सरासरी पातळी बदलत नाही. म्हणून ग्राहीने क्षणाक्षणाचा दाब न पाहता थोड्या काळाची सरासरी पाहावी, म्हणजे झाले.

हे काम एक रोधक आणि एक धारित्र, म्हणजे बोलीभाषेतील कंडेन्सर, मिळून करतात. रोधकातून दाब सावकाश येऊन धारित्रात साठतो. १० लक्ष ओहमचा रोधक व ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र घेतल्यास त्यांचा गुणाकार ०.१ सेकंद येतो. त्याहून पुष्कळ जलद घडणारे बदल धारित्रात बुजून जातात; त्याहून सावकाश होणारे बदल पुढे पोचतात. सेकंदास ५० कंपनांच्या खर्जाच्या स्वराला एका कंपनास ०.०२ सेकंद लागतो. तो बुजतो, म्हणजेच गाण्यात सुरक्षित राहतो. दोन-तीन सेकंदांचा फेडिंगचा हेलकावा मात्र पकडला जातो.

धारित्र फार लहान घेतले तर नियंत्रण खर्जाच्या स्वरांनाच फेडिंग समजून दाबू लागते आणि संगीत पोकळ होते. फार मोठे घेतले तर जलद फेडिंग निसटते. आणि स्थानिक केंद्रावरून काटा दूरच्या केंद्रावर नेला की ग्राही काही सेकंद मुका राहतो. याच धारित्रातून विद्युत् गळू लागल्यास ऋण दाब जाळ्यांपर्यंत पोचत नाही. मग दूरचे केंद्र ठीक ऐकू येते, पण जवळचे फाटते. अशी तक्रार आली की जाणता कारागीर कर्ण्याकडे वळण्यापूर्वी हे धारित्र तपासून पाही.

हा नियंत्रक दाब डोळ्यांना दिसण्याचीही सोय होती. १९३५ पासून अनेक ग्राहींच्या दर्शनी भागावर एक हिरवा चमकणारा डोळा बसविलेला असे. केंद्र बरोबर लागले की त्यातील काळी फट मिटत येई. ती फट नियंत्रक दाबावर चाले. फेडिंगच्या वेळी आवाज एकसारखा असतानाही हा डोळा मिटे व उघडे. ग्राही आतून किती धडपडत आहे, हे तेवढ्यावरून कळे.

नियंत्रण जेथे चुकते

स्वयंचलित नियंत्रणाला आवाजाचे मोजमाप कळते, अर्थ कळत नाही. संकेत बुडाला की ते वर्धन वाढविते. पण त्याबरोबर विजांचा कडकडाट व यंत्रांचा खरखराटही वाढतो. दोन केंद्रांच्या मध्ये काटा थांबला की ऐकू येणारा सुस्कारा त्यामुळेच होय. कधी कधी फेडिंगमध्ये वाहक लहर तेवढी नाहीशी होते आणि तिच्या दोन बाजूंच्या ध्वनिलहरी उरतात. अशा वेळी नियंत्रण वर्धन वाढवून विकृत आवाजच मोठा करते. त्यावर त्याच्याजवळ इलाज नसतो.

मोर्सच्या संदेशात तर हे नियंत्रण अडथळाच होते, आणि जबलपूरला या गोष्टीचे महत्त्व विशेष. भारतीय सैन्याच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण या शहरात इंग्रजी अमदानीपासून होत आले. टपाल व तार खात्याचे दूरसंचार-प्रशिक्षण केंद्रही १९४२ मध्ये येथेच सुरू झाले आणि १९४७ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. बिनतारी संदेश अचूक टिपून घेणे हा अशा नगरात केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हता.

मोर्समध्ये वाहक लहर सतत नसते. ठिपका किंवा रेघ असेल तेवढाच वेळ ती असते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक ठिपका ०.०६ सेकंदाचा, दोन अक्षरांतील खंड ०.१८ सेकंदाचा व दोन शब्दांतील खंड ०.४२ सेकंदाचा असतो. नियंत्रणाचा काळ ०.१ सेकंद असेल तर प्रत्येक खंडात ग्राहीला वाटते, संकेत बुडाला. तो वर्धन वाढवितो, खंडात खरखराट उसळतो आणि पुढचा पहिला ठिपका कानावर आदळतो. शत्रूचा किंवा स्वकीयांचा दूरवरून येणारा क्षीण संदेश अशा गोंगाटात हरवणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून संदेशग्राहींवर स्वयंचलित नियंत्रण बंद करण्याची कळ ठेवलेली असे. संदेशवाहक ती बंद करी आणि शोधकाच्या आधीचे वर्धन स्वतःच्या हाताने सांभाळी. पुढे झटकन आवरणारी पण सावकाश सोडणारी नियंत्रणे निघाली आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली.

संकेत कोणत्या दिशेने येतो हे एरिअल फिरवून शोधावयाचे असेल, तेव्हाही हेच नियंत्रण फसविते. दिशा बदलताच संकेत घटतो, पण ग्राही वर्धन वाढवून ती घट झाकून टाकतो. जेथे संकेताची तीव्रता हीच मोजावयाची असते, तेथे नियंत्रण बंद तरी ठेवावे लागते किंवा त्याने किती घट केली याचा हिशेब तरी ठेवावा लागतो.

व्हॉल्व्हनंतर

व्हॉल्व्हच्या जागी ट्रँझिस्टर आले आणि पुढे संपूर्ण ग्राही सिलिकॉनच्या एका चकतीवर मावू लागला. ऋण दाबाची जाळी गेली. तत्त्व मात्र तसेच राहिले. भ्रमणध्वनी घेऊन चालणारा माणूस मनोऱ्याजवळ जातो व दूर जातो, तेव्हा त्याच्या हातातील ग्राही आपले वर्धन सतत बदलीत असतो. संकेतातील कोणता बदल मार्गाचा व कोणता संदेशाचा, हा प्रश्न अभियंत्याला आजही प्रथम सोडवावा लागतो.

शाळेत करून पाहण्याचा प्रयोग

जेथे मध्यलहरींवरील एखादे केंद्र ऐकू येते, तेथे हा प्रयोग कोणत्याही लहान ट्रँझिस्टर रेडिओवर करता येईल. अशा रेडिओत फेराइटच्या दांड्यावर गुंडाळलेले एरिअल असते व ते दिशेनुसार कमीअधिक संकेत घेते. प्रथम प्रबळ केंद्र लावून रेडिओ आडवा ठेवून सावकाश पूर्ण फिरवावा. जवळजवळ सर्व दिशांना आवाज सारखाच राहील आणि दोनच अरुंद दिशांना तो एकाएकी खाली जाईल. मग क्षीण केंद्र लावून तीच कृती करावी. आता आवाज फिरविण्याबरोबर उघडपणे कमीजास्त होईल. पहिल्या वेळीही संकेत तितकाच घटत होता. नियंत्रणाने तो कानापासून लपविला होता.

प्रश्न : (१) ध्वनीची कळ पूर्ण उतरविली तरी प्रबळ केंद्राचा आवाज फाटलेला का राहू शकतो? (२) नियंत्रणातील धारित्र वीस पटींनी लहान केल्यास गाण्यातील कोणते स्वर प्रथम दबतील? (३) मोर्सचा वेग दुप्पट केला तर दोन शब्दांतील खंड किती सेकंदांचा होईल, आणि त्या खंडात उसळणारा खरखराट वाढेल की घटेल?